आधी रक्त वर ढकला, मग सुरी लावा

हातापायातून रक्त वाहू लागलं की वरच्या बाजूला काहीतरी आवळायचं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. किती आवळायचं, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं, आणि गोची तिथेच आहे. धमनीत दाब १२० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास. शिरेत एरवी त्याच्या दहाव्या हिश्शाइतकाच. अर्धवट आवळलं तर शीर दबते, धमनी चालूच राहते. रक्त येत राहतं, परतीची वाट बंद. हात फुगतो, निळा पडतो आणि जखम आधीपेक्षा जोरात वाहते.

नीट आवळलं तरी शल्यविशारदाची पंचाईत संपत नाही, कारण आवळण्यापूर्वी हातापायात शिरलेलं रक्त आतच अडकतं. सुरी लावली की ते झिरपू लागतं आणि नस कुठली, हाड कुठलं, काही दिसेनासं होतं.

यावर तोड काढली फ्रिडरिश एस्मार्क या जर्मन सर्जनने (१८२३–१९०८). हा माणूस लढायांतच तयार झाला. १८४८ मध्ये श्लेस्विग-होल्श्टाइन हा डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखालचा प्रांत डेन्मार्कविरुद्ध उठला, तेव्हा तो बाऊच्या लढाईत डेनिश सैन्याच्या हाती कैदी म्हणून सापडला. पुढे कील विद्यापीठात त्याने श्ट्रोमायर या गुरूची आणि सासऱ्याची जागा घेतली. १८७०च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात तो वरिष्ठ लष्करी सर्जन होता.

१८७३ मध्ये त्याने मांडलेली कृती अशी. हात उंच धरायचा. बोटांच्या टोकापासून रबरी पट्टी ताणून वर गुंडाळत जायची, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर थोडा चढवून. रक्त धडाकडे ढकललं जातं. पट्टी दंडापर्यंत पोचली की तिच्या वरच्या कडेला रबरी नळीचे घट्ट वेढे देऊन ती अडकवायची आणि खालची पट्टी सोडून टाकायची. उरतो तो पांढराफटक हात. त्यात सुरी फिरवली तरी रक्त जवळजवळ येत नाही.

आता दाबाचं गणित, कारण खरी गंमत त्यातच आहे. पट्टीखालचा दाब म्हणजे तिचा ताण भागिले (अवयवाची त्रिज्या गुणिले पट्टीची रुंदी). १० सेंटिमीटर रुंद पट्टी २० न्यूटन ताणाने ५ सेंटिमीटर त्रिज्येच्या दंडावर गुंडाळा: सुमारे ४,००० पास्कल, म्हणजे ३० मिलिमीटर पारा. वेढे एकावर एक आले की दाबांची बेरीज होते. आठ वेढ्यांत २४०. हाच ताण १ सेंटिमीटर रुंदीच्या नळीला दिला, तर एकाच वेढ्यात ३००. शिवाय त्रिज्या छेदात असल्याने, तोच ताण बारीक मनगटावर मांडीपेक्षा कितीतरी जास्त दाब देतो. मोजमापाशिवाय नळी आवळणारा सर्जन नेमका किती दाब देतोय, हे त्याला कळत नसे. नळीच्या कडेला दाब एकदम कोसळतो, तिथे मज्जातंतू पिळवटतो आणि हात लुळा पडतो. म्हणून १९०४ मध्ये हार्वी कुशिंग या अमेरिकन सर्जनने हवेची रुंद, दाब मोजता येणारी पट्टी आणली.

अवयवात पू झाला असेल तर ही गुंडाळणी करायची नाही, जंतू रक्तात ढकलले जातात. पायाच्या शिरेत गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अशा वेळी नुसता अवयव काही मिनिटं उंच धरतात आणि मग पट्टा आवळतात. आवळण्याची मर्यादा साधारण दोन तास. सोडल्यावर उपाशी रक्तवाहिन्या रुंदावून रक्त जोरात येतं, म्हणून दिसणाऱ्या वाहिन्या आधीच बांधून ठेवाव्या लागतात.

आपल्याकडे साप चावल्यावर दोरी आवळायची चाल अजून सुटलेली नाही, वर मांत्रिकाचा धागा. घोणस-फुरशाचं विष चावलेल्या जागचं मांस सडवतं. दोरीने ते तिथेच कोंडतं आणि रक्तपुरवठाही तुटतो. अवयव न हलवता रुग्णाला प्रतिविष मिळेल अशा दवाखान्यात न्यावं, बस्स.

एस्मार्कचं दुसरं काम साधं, पण पोच मोठी. लंडनमधली सेंट जॉन या सेवाभावी संस्थेची प्रथमोपचार शिकवणी पाहून त्याने १८८२ मध्ये कीलमध्ये सामान्य लोकांसाठी तसेच वर्ग काढले. त्या व्याख्यानांचा इंग्रजी अनुवाद राणी व्हिक्टोरियाची मुलगी हेलेना हिने केला. एस्मार्कची दुसरी बायको हेन्रिएट ही तिची नणंद. त्रिकोणी रुमाल त्याच्याआधीही वापरात होता, पण एस्मार्कने त्या कापडावरच चित्रं छापून घेतली: डोक्याला, खांद्याला, गुडघ्याला तो कसा बांधायचा याची.