सेल्फ मारल्यावर टिकटिक की चिडीचूप?

दुचाकीची बॅटरी नवी, किल्ली फिरवली, सेल्फचं बटण दाबलं आणि गाडी ढिम्म. लगेच तोंडातून निघतं, "बॅटरीच खराब दिली रे!" क्वचित खरंही असतं. पण दुकान गाठण्याआधी पुन्हा बटण दाबून नीट ऐका. सीटखालून टिकटिकटिक आवाज येतोय, की काहीच नाही?

टिकटिक म्हणजे वीज आहे, पण भार पेलवत नाही. बटण दाबलं की रिले, म्हणजे मोटरला वीज जोडणारा स्विच, ओढला जातो, इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर एकदम भरपूर करंट मागते, व्होल्टेज कोसळतं आणि रिले सुटतो. भार गेला की व्होल्टेज वर येतं, रिले पुन्हा ओढला जातो. बटण सोडेपर्यंत हाच खेळ. बॅटरी पुरती चार्ज नसेल, ॲसिड भरून चार्ज न करता तशीच हातात दिली असेल, तर असं होतं. टर्मिनल, म्हणजे तार जोडायचं बॅटरीचं टोक, सैल असेल तरी हेच.

गेल्या चवथीआधी मी हे भोगलं. माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या सजावटीचं, सामान आणायला म्हापशाला निघायचं आणि इथे गोव्यात, पेडण्यात अंगणात गाडी टिकटिकतेय. बॅटरी मीच बदलली होती. शेजारी पायलट, दिवसभर मोटरसायकलवर भाडी मारणारा. त्याने वाकून बघितलं आणि म्हणाला, "नवी बॅटरी जुन्या गंजावर बसवलीस?" तारेच्या लगवर, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीवर, पांढरट-हिरवट थर तसाच होता. आपल्याकडची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, दुसरं काय होणार! काचपेपरने घासलं, आवळलं, पहिल्या बटणाला गाडी चालू.

व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर असेल तर अंदाजाचं कामच नाही. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी गाडी बंद असताना साधारण १२.६ ते १२.८ दाखवते. मीटरच्या काड्या थेट बॅटरीच्या टर्मिनलवर धरून सेल्फ मारा. आकडा ९ च्या खाली आपटला तर बॅटरी चार्जिंगला लावा. १२ च्या आसपास टिकला आणि तरी टिकटिक, तर संशय लग, तारा आणि अर्थिंगवर, म्हणजे मायनसच्या चेसीशी असलेल्या जोडणीवर. टर्मिनलमधला चौकोनी नटही बघा. तो खाली बसतो आणि बोल्ट नुसताच फिरतो. नटाखाली रबराचा तुकडा सरकवला की झालं.

चिडीचूप असेल तर आधी दिवे बघा. दिवे, हॉर्न सगळंच मेलेलं असेल तर मेन फ्यूज. बऱ्याच गाड्यांत तो स्टार्टर रिलेपाशीच असतो. प्लसचा नट आवळताना पाना चेसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, लागला तर ठिणगी उडते. म्हणून काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. फ्यूज तितक्याच ॲम्पियरचा घाला. तांब्याची तार गुंडाळू नका, वायरिंग जळेल.

दिवे लख्ख आहेत, बटण दाबल्यावर मंदही होत नाहीत, तर मोटरपर्यंत करंट पोचतच नाही. बॅटरी बिचारी निर्दोष. हँडलवरचा इंजिन बंद करायचा किल स्विच, साइड स्टँड, क्लच स्विच, आणि सीट काढताना हिसका बसलेला एखादा कनेक्टर तपासा. निम्म्या वेळा किल स्विचच निघतो, आणि तो कोणी कबूल करत नाही.

गाडी चालू झाली की मीटर पुन्हा लावा आणि थोडा रेस द्या. साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसायला हवेत. साडेबारावरच अडकला तर चार्जिंग होत नाहीये. जुनी बॅटरी बहुधा त्यानेच गेली.