नदीच विहिरीला पाणी देते, हे अर्धंच खरं

गोदाकाठी सर्रास म्हणतात, नदी वाहतेय म्हणजे विहिरींना तीच पाणी देतेय. बहुतेक वेळा उलटं असतं. पावसाळा सरला की मुरमात मुरलेलं पाणीच झिरपून नदीत येतं. दिवाळीनंतरही ओढा वाहतो तो त्याच्याच जिवावर. पाणी उंच पातळीकडून खालच्या पातळीकडे जातं, एवढाच नियम.

आपल्या विहिरीचं बघायचं तर लेव्हल पाईपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) टप्प्याटप्प्याने उंची काढा. समजा विहिरीचा काठ नदीतल्या पाण्यापेक्षा ६ मीटर उंच आणि पाणी काठापासून ४ मीटर खाली. म्हणजे विहिरीतलं पाणी नदीपेक्षा २ मीटर वर, ओढ नदीकडेच. मोटार बंद करून पाणी चढायचं थांबल्यावरच मोजा, नाहीतर आकडा फसवतो.

म्हणूनच नदी-ओढ्यांच्या सरसकट खोलीकरणाची भीती वाटते. गाळ काढावा, जरूर काढावा. पण पोकलेनने मुरमाचा थर फोडून थेट कठीण पाषाण गाठला, की काठच्या मुरमातलं पाणी त्या चरात उतरतं आणि विहिरी लवकर तळ गाठतात.

बंधाऱ्याला गेट टाकले किंवा पैठणला नाथसागर जलाशय भरला की मात्र पातळी चढते, ओढ फिरते आणि काठच्या विहिरींना खरोखर नदीचं पाणी लागतं. पातळी उतरली की तेच पाणी पुन्हा नदीकडे निघतं.