तोंडाचा सबम्यूकस फायब्रोसिस

गाल, ओठ, टाळू आणि घशाच्या सुरुवातीच्या भागातील श्लेष्मल त्वचेखालची ऊती हळूहळू तंतुमय व ताठर होत जाऊन तोंड उघडेनासे होण्याचा जुनाट विकार. दवाखान्यात त्याला ‘ओरल सबम्यूकस फायब्रोसिस’ या इंग्रजी नावावरून ‘ओएसएमएफ’ म्हणतात. रुग्ण ‘तोंड उघडत नाही’ एवढेच सांगतो. या विकाराचे मुख्य कारण सुपारी असून, पुढे कर्करोगात बदलू शकणाऱ्या तोंडाच्या विकारांत त्याची गणना होते.

तोंड मिटायला लागण्याच्या बरेच आधी तिखट झोंबू लागते. घरातले सगळे जिला मिळमिळीत म्हणतात तीच आमटी या माणसाच्या तोंडात आग लावते. बारीक फोड येतात, तोंड कोरडे पडते. बहुतेक जण ‘उष्णता झाली’ म्हणून गुलकंद किंवा बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या घेतात आणि महत्त्वाचे महिने तिथेच वाया जातात. पुढे गालाच्या आतला गुलाबी रंग उतरून संगमरवरासारखी पांढुरकी झाक येते. गालाच्या आतून बोट फिरवले, की ताणलेल्या सुतळीसारखे उभे पट्टे हाताला लागतात. पडजीभ आक्रसून कळीएवढी होते, कधी एका बाजूला वळते. जीभ ओठांबाहेर नीट येत नाही, शिट्टी वाजत नाही, गालात हवा भरून फुगा फुगवता येत नाही. पाणीपुरी अख्खी तोंडात जाईना तेव्हा कुठे अनेकांना काही बिघडले आहे हे पटते.

मऊ टाळू हा तोंड आणि नाक यांच्यामधला हलता पडदा आहे. गिळताना तो उचलला जातो, म्हणून घास नाकात चढत नाही. कान आणि घसा जोडणारी नळी उघडण्याचे कामही त्याचेच स्नायू करतात. फायब्रोसिस टाळूत उतरला, की आवाज गेंगाणा होतो, पाणी पिताना नाकात येते आणि काहींना कमी ऐकू येऊ लागते. हा विकार दंतवैद्याइतकाच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांपुढे येतो तो यामुळे.

तपासणीची सर्वांत सोपी रीत म्हणजे रुग्णाला स्वतःचीच तीन बोटे उभी धरून दातांमध्ये घालायला सांगणे. नेमके माप वरच्या व खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधले घेतात. निरोगी प्रौढात ते साधारण ३५ ते ५० मिमी भरते. खन्ना आणि अंद्रादे यांनी १९९५ साली १०० रुग्णांच्या अनुभवावरून केलेली विकाराच्या तीव्रतेची प्रतवारी आजही वापरात आहे. तिच्यात १५ मिमीच्या आत गेलेले तोंड शेवटच्या गटात मोडते.

या विकाराला प्राचीन आधार शोधण्याची हौस बऱ्याच लेखांत दिसते. सुश्रुतसंहितेतील ६५ मुखरोगांपैकी ‘विदारी’ म्हणजे हाच, असे सांगितले जाते. पण विदारीत दाह, सूज आणि दुर्गंधीयुक्त सडके मांस सांगितले आहे. इथे ना सूज, ना सडणे, त्यामुळे हे जुळवणे ओढूनताणूनच वाटते.

आधुनिक नोंदी सुरू होतात १९५२ पासून. श्वार्ट्‌झ यांनी पूर्व आफ्रिकेतील पाच भारतीय स्त्रियांमध्ये हा विकार पाहिला आणि नाव देताना त्यात ‘इडिओपॅथिक’, म्हणजे कारण अज्ञात असलेला, हा शब्द घातला. पुढच्याच वर्षी मुंबईचे एस. जी. जोशी यांनी टाळू व घशाच्या कमानींचा सबम्यूकस फायब्रोसिस म्हणून त्याचे वर्णन केले आणि ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ हे नाव रुळले. १९६६ मध्ये डेन्मार्कचे येन्स पिंडबोर्ग आणि मुंबईच्या सत्यवती शिरसाट यांनी केलेली व्याख्या अजूनही उद्धृत होते.

सुरुवातीला संशयाची सुई मिरचीकडे होती. व्ही. आर. खानोलकर आणि शिरसाट यांनी १९६० मध्ये विशिष्ट आहारावर ठेवलेल्या उंदरांच्या टाळूवर मिरचीतले कॅप्सेसिन लावून पाहिले, आणि तसे बदल आढळल्याचे नोंदवले. तर्क चुकीचा नव्हता, कारण रुग्ण तिखटाचीच तक्रार घेऊन येत होते. पण मेक्सिकोत मिरची भरपूर खातात आणि तिथे हा विकार दिसत नाही. झोंबणे हा परिणाम होता, कारण नव्हते. पूजेत गणपती म्हणून मांडली जाणारी, लग्न ठरवताना फोडली जाणारी सुपारी मात्र बराच काळ संशयापलीकडे राहिली. भावनगरमध्ये झालेल्या आणि १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६० रुग्णांची तुलना तितक्याच निरोगी माणसांशी केली गेली. सुपारी खाणाऱ्यांत धोका शंभर पटींहून अधिक निघाला. चीनच्या हुनान प्रांतात तंबाखूशिवाय सुपारी चघळतात, आणि तिथेही हा विकार आहे. ‘मी तंबाखू घेत नाही, नुसती सुपारी खातो’ हा बचाव त्यामुळे टिकत नाही.

सुपारीतील अरेकोलीन हे रासायनिक द्रव्य तंतुजनक पेशींना जास्त कोलॅजेन, म्हणजे ऊतीतले तंतुमय प्रथिन, बनवायला लावते. सुपारीतले टॅनिन हे तुरट द्रव्य त्या कोलॅजेनचे विघटन होऊ देत नाही. सुपारीत तांब्याचे प्रमाणही बरेच असते. कोलॅजेनच्या धाग्यांना एकमेकांशी बांधणारे लायसिल ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) तांब्यावरच चालते. म्हणजे कातणे वाढते, उसवणे थांबते आणि गाठी पक्क्या बसतात. विड्यातली खांड जेवणानंतर एकदा चघळून संपत असे. गुटख्याची पुडी, पश्चिम महाराष्ट्रातला मावा किंवा पन्नीवर घोटलेला विदर्भातला खर्रा दिवसभर गालात असतो. परिणामी विशी-तिशीतली मुले आता ओपीडीत दिसतात.

केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन गटाने ६६ रुग्णांवर १७ वर्षे लक्ष ठेवले, त्यातील ७.६ टक्क्यांना तोंडाचा कर्करोग झाला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ मध्ये तंबाखूच्या विड्याला कर्करोगकारक ठरवले होते; नुसत्या सुपारीला तो शिक्का २००४ मध्ये बसला.

सुपारी सोडल्यावर जळजळ कमी होते, पण घट्ट झालेले पट्टे सहसा आपोआप सुटत नाहीत. स्टेरॉइड व हायल्युरोनिडेज या ऊती सैल करणाऱ्या विकराची इंजेक्शने आणि लायकोपीन हे टोमॅटोतले लाल रंगद्रव्य यांनी काही प्रमाणात आराम पडतो. व्यायामासाठी आइस्क्रीमच्या काड्या वापरतात: दातांमध्ये काड्यांची चळत ठेवायची आणि दर काही दिवसांनी एक वाढवायची. फारच मिटलेल्या तोंडात पट्टे कापून उघड्या जागी नाकाच्या बाजूची, ओठाकडे उतरणाऱ्या घडीतली त्वचा वळवून बसवतात. भूल देताना श्वासाची नळी तोंडातून जात नाही. ती बहुधा लवचिक दुर्बिणीच्या आधाराने नाकातून घालावी लागते. शस्त्रक्रियेनंतर काड्यांचा व्यायाम सोडला, की तोंड पुन्हा मिटू लागते. उघडलेल्या तोंडातही कर्करोगाचा धोका उरतोच, म्हणून तपासणी वर्षानुवर्षे चालू ठेवावी लागते.

महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटखा व पानमसाल्यावर बंदी घातली आणि पुढच्या वर्षी सुगंधी सुपारी, खर्रा व मावाही तिच्यात आणले. साधी सुपारी या बंदीत येत नाही. किराणा दुकानात ती सुट्टी मिळते.