स्वाक्षरीपत्रसंग्रह, युरोपीय

युरोपातील राजे, सेनापती, मंत्री व पुढारी यांच्या सहीची मूळ पत्रे मिळवणे, पारखणे आणि जतन करणे. नावात स्वाक्षरी असली तरी जाणकार आधी पाहतो ते अक्षर. मजकूर आणि सही एकाच हातची असेल, तर ते स्वहस्तलिखित पत्र. मजकूर लेखनिकाचा आणि खाली फक्त सही असेल, तर त्याचे मोल बरेच उतरते. नेमणूकपत्रे, सनदा असे छापील वा ठरावीक साच्याचे सहीचे कागद बहुधा त्याहून स्वस्त मिळतात. मजकूर मात्र हा सगळा क्रम उलटवू शकतो.

नेपोलियनची पत्रे याचा उत्तम नमुना आहेत. पॅरिसच्या नेपोलियन प्रतिष्ठानने 2004 ते 2018 या काळात त्याची 40,000 हून अधिक पत्रे 15 खंडांत छापली. बहुतेक पत्रे त्याने तोंडी सांगितलेली आणि मेनवाल, फँ यांसारख्या लेखनिकांनी उतरवलेली; त्याचे स्वतःचे अक्षर वाचणे महाकठीण होते. सही मात्र त्याच्या आयुष्याबरोबर बदलत गेली. 1796 च्या आरंभापर्यंत तो ‘बुओनापार्ते’ असे इटालियन वळणाने लिही. इटलीच्या मोहिमेपासून ‘बोनापार्त’ झाला. 1804 मध्ये सम्राट झाल्यावर ‘नापोलेओं’. पुढे घाई वाढत गेली तसे ‘नापोल’, ‘नाप’ आणि शेवटी नुसते आद्याक्षर. त्यामुळे 1809 ची तारीख आणि खाली ‘बोनापार्त’ असा कागद समोर आला, की तो तिथेच संशयात पडतो.

20 ऑक्टोबर 1812 रोजी मॉस्कोतून माघार घेताना त्याने सांकेतिक आकड्यांत एक पत्र लिहवून घेतले. 22 तारखेला पहाटे तीन वाजता क्रेमलिन सुरुंगाने उडवणार, असे त्यात म्हटले आहे. त्याच्या हातचे त्यात काय, तर ‘नाप’ एवढी सही. तरीही डिसेंबर 2012 मध्ये फाँतेनब्लोच्या लिलावात या एका पानाला 1,87,500 युरो मिळाले.

फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या बाबतीत सहीचाही भरवसा नसतो. तूसँ रोज हा त्याचा चिटणीस राजाचे अक्षर आणि सही हुबेहूब काढी, आणि तेच त्याचे अधिकृत काम होते. इंग्लंडचे राजे सही कागदाच्या माथ्यावर करतात, हेही ठाऊक असावे लागते. पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झालेला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली 1798 पर्यंत ‘वेस्ली’ लिही. अहमदनगर आणि असईच्या लढायांच्या काळातली, म्हणजे 1803 ची त्याची पत्रे ‘वेलस्ली’ सहीची आहेत. ‘वेलिंग्टन’ ही सही 1809 पासूनची. त्याच्या कागदपत्रांचा मोठा साठा साउथॅम्प्टन विद्यापीठात आहे.

या छंदाने नुकसानही केले आहे. ब्रिटिश पार्लमेंटच्या सदस्यांना 1840 पर्यंत पत्राच्या बाहेरच्या बाजूस सही केली, की टपाल फुकट असे. त्या सह्या कापून वह्यांत चिकटवण्याची टूम निघाली. पत्राचा तो भाग वेगळा झाला, की बाकीच्या कागदावर कोणाला, कधी, कुठून हे काहीच उरत नाही. अशा कात्रणांना आज किंमत कमी आहे, आणि ती तशीच असावी.

बनावटीचा इतिहास या संग्रहाइतकाच जुना. 1860 च्या दशकात द्नी व्हरँ-ल्यूका याने थोर गणिती मिशेल शाल यांना 27,000 हून अधिक बनावट पत्रे विकली. त्यांत क्लिओपात्राने सीझरला लिहिलेले पत्र होते, तेही फ्रेंचमध्ये आणि कागदावर! फ्रेंच शास्त्रज्ञ पास्काल न्यूटनच्या आधी गुरुत्वाकर्षणापर्यंत पोहोचला होता, हे ऐकायला शाल उत्सुक होते आणि भामट्याने नेमके तेच पुरवले. 1870 मध्ये त्याला दोन वर्षांची कैद झाली.

1983 मध्ये ‘श्टेर्न’ या जर्मन साप्ताहिकाने हिटलरच्या म्हणून ज्या रोजनिशा प्रसिद्ध केल्या, त्यांचे अक्षर तज्ज्ञांनी खरे ठरवले होते. कारण ताडून पाहायला दिलेल्या नमुन्यांतले काही, त्या रोजनिशा बनवणाऱ्या कोनराड कूयाऊनेच लिहिलेले होते. शेवटी कागदानेच साक्ष दिली. त्यात महायुद्धानंतर वापरात आलेल्या, कागद पांढराशुभ्र करणाऱ्या द्रव्याचा अंश सापडला. म्हणून पारखी आधी कागद उजेडासमोर धरतो, जलचिन्ह, म्हणजे कागदात मुरलेली कारखान्याची खूण, पाहतो, घड्या आणि लाखेची खूण जुळते का ते तपासतो.

जुनी शाई मायफळ आणि हिराकस यांची. ती फिकी उमटते, हवेने काळी पडते, काळाने तपकिरी होते आणि आम्ल जास्त असेल तर अक्षराच्या रेघेवरच कागद खाते. अशी पत्रे भिंतीवर उजेडात टांगणे म्हणजे त्यांचा नाश करणे.

स्कॉटलंडची राणी मेरी हिने शिरच्छेदाच्या दिवशी, 8 फेब्रुवारी 1587 रोजी रात्री दोन वाजता, फ्रान्सच्या तिसऱ्या आंरीला स्वहस्ते पत्र लिहिले. एकोणिसाव्या शतकात ते आल्फ्रेड मॉरिसन या संग्राहकाकडे आले. त्याचा संग्रह लिलावात निघाला तेव्हा वर्गणी काढून ते देशासाठी विकत घेतले गेले. आज ते एडिनबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, आणि उजेडाने अक्षर विटू नये म्हणून क्वचितच बाहेर काढतात.