‘ज्ञान हीच शक्ती’ बेकनच्या निबंधांत आहे का?

सुविचारांच्या फॉरवर्डमध्ये नेहमी दिसतं: ‘ज्ञान हीच शक्ती — फ्रान्सिस बेकन, निबंध.’ नाव बरोबर आहे, ठिकाण चुकलंय.

बेकन हा इंग्रज तत्त्वज्ञ. त्याच्या निबंधांच्या तीन आवृत्त्या निघाल्या: 1597 मध्ये 10 निबंध, 1612 मध्ये 38 आणि 1625 मध्ये 58. हे वाक्य त्यातल्या एकाही निबंधात नाही. घोळाचं कारण साधं आहे. 1597 च्या त्याच पुस्तकात निबंधांसोबत त्याची लॅटिन धर्मचिंतनंही बांधलेली होती. त्यातल्या पाखंडावरच्या प्रकरणात ‘इप्सा सायंटिया पोटेस्टास एस्ट’ (ज्ञान हीच शक्ती) हे लॅटिन शब्द येतात, आणि तेही ईश्वराच्या ज्ञानाबद्दल! शाळेच्या भिंतीवर रंगवताना हा संदर्भ गळतो, एवढंच. माणसाचं ज्ञान आणि सामर्थ्य एकच, हा विचार त्याने 1620 च्या ‘नोव्हम ऑर्गनम’ या ग्रंथात, पहिल्या भागाच्या तिसऱ्या सूत्रात मांडला.

पडताळायचं तर 1625 ची मोफत ई-प्रत उघडा. पूर्ण इंग्रजी वाक्य शोधून थांबू नका, जुन्या स्पेलिंगमुळे शोध फसतो. ‘नॉलेज’ आणि ‘पॉवर’चे इंग्रजी शब्द वेगवेगळे शोधा आणि आजूबाजूच्या ओळी वाचा. वाचनाने माणूस परिपूर्ण होतो, हे वाक्य मात्र खरंच निबंधातलं आहे, अभ्यासावरच्या.