हायड्रोजन गप्प बसतो, पाणी चहाडी करतं

तारा जन्माला यायचा तर आधी वायूचा ढग थंड राहायला हवा. ढग स्वतःच्या गुरुत्वाने आकसतो, आकसला की तापतो, तापला की आतला दाब वाढतो आणि आकसणंच अडतं. ही उष्णता वेळच्या वेळी बाहेर पडली तरच पुढचं जमतं. सुरुवातीला ढगाचं तापमान असतं जेमतेम 10 केल्विन, म्हणजे उणे 263 अंश सेल्सिअस.

ढगात बहुतेक सगळा हायड्रोजनच. पण त्याचा रेणू दोन सारख्या अणूंचा, पूर्ण सममित. रेणूची ऊर्जा पायरी-पायरीने वाढते, आणि याला पहिल्या पायरीवर चढवायलाच सुमारे 500 केल्विन तापमानाला साजेशी ऊर्जा लागते. थंडीत तो चिडीचूप. मग काम येऊन पडतं चिल्लर मंडळींवर: धूळ, कार्बन मोनॉक्साइड (हायड्रोजनच्या दहा हजार रेणूंमागे साधारण एक), पाण्याचे रेणू, ऑक्सिजनचे सुटे अणू, एक इलेक्ट्रॉन गमावलेला कार्बन. हायड्रोजनचा रेणू यांच्यातल्या एखाद्याला धडकतो आणि ऊर्जा देऊन मंदावतो. धडक खाणारा ती प्रकाशकणाच्या रूपात सोडून देतो. तो प्रकाशकण ढगाबाहेर निसटला, की ढग तेवढा निवला.

नवजात ताऱ्याजवळच्या तापलेल्या वायूतून असे प्रकाशकण मुख्यतः दूर अवरक्त पट्ट्यात, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या लांब तरंगलांबीच्या प्रकाशात येतात. प्रत्येकाच्या तरंगलांब्या ठरलेल्या; वर्णपटात त्या रेषा म्हणून दिसतात. ऑक्सिजनची रेषा 63 मायक्रॉनला (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), इलेक्ट्रॉन गमावलेल्या कार्बनची 158 मायक्रॉनला. पंचाईत अशी, की आपल्या हवेतली वाफ नेमका हाच पट्टा गिळते. म्हणजे अंतराळातलं पाणी बघायला आड येतं ते पृथ्वीवरचं पाणीच! मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने यावर बलूनचा तोडगा काढला. हैदराबादहून सोडलेल्या बलूनखाली एक मीटर व्यासाची दुर्बीण टांगायची, ती 30 किलोमीटरच्या आसपास न्यायची आणि जपानी उपकरणाने कार्बनची 158 मायक्रॉनची रेषा मोजायची. पुढे मे 2009 मध्ये युरोपची हर्शेल दुर्बीण 3.5 मीटरचा आरसा घेऊन 15 लाख किलोमीटरवर गेली आणि चित्रच पालटलं.

ययाती तारकासमूहात, सुमारे हजार प्रकाशवर्षांवर, एनजीसी 1333 नावाचा ढग आहे. त्यातल्या आयआरएएस 4बी या कोवळ्या आदिताऱ्याच्या (अजून घडत असलेल्या ताऱ्याच्या) वर्णपटात हर्शेलला पाण्याच्या रेषांची अक्षरशः गर्दी दिसली. तिथे दूर अवरक्तात सर्वांत जास्त उष्णता बाहेर टाकणारा रेणू पाण्याचाच निघाला. कार्बन मोनॉक्साइडही मागे नव्हता; त्याच्या रेषा एकोणपन्नासाव्या पायरीपर्यंत मोजता आल्या. इतक्या वर चढायला काही हजार केल्विनची ऊर्जा लागते.

मग इतकं तापवतं कोण? दोन संशयित. एक, ताऱ्याचे अतिनील किरण: ते धूलिकणांतून इलेक्ट्रॉन उडवतात आणि ते इलेक्ट्रॉन वायूला ऊब देतात. पण या मार्गाने किरणांच्या ऊर्जेतले फार तर काही टक्केच वायूच्या वाट्याला येतात. दुसरा, ताऱ्याच्या दोन्ही ध्रुवांकडून सेकंदाला शंभरेक किलोमीटर वेगाने सुटणारे झोत. ते भोवतालच्या वायूवर आदळले की आघात तरंग (वायूला एकाएकी दाबणाऱ्या लाटा) उठतात आणि वायू एकदम तापतो.

इथे मोठी मजेदार गोष्ट आढळली. कार्बन मोनॉक्साइडच्या रेषांवरून तापमान काढलं, की मिणमिणता आदितारा असो वा शेकडो पट तेजस्वी, उत्तर पुन्हापुन्हा 300 केल्विनच्या आसपास येतं. म्हणजे 27 अंश सेल्सिअस, आपल्या दिवाणखान्याइतकं! इतका सारखेपणा संशयास्पदच. मृग नक्षत्राच्या ढगांमधल्या 21 आदिताऱ्यांवर 2013 मध्ये एक शोधनिबंध आला. त्याचे पहिले लेखक पी. मनोज पुढे याच टाटा संस्थेत रुजू झाले. वायू विरळ असेल तर धडका कमी बसतात, रेणू वरच्या पायऱ्या गाठण्याआधीच ऊर्जा सोडून खाली येतात, आणि 2,000 केल्विनहून तप्त वायूही 300 चा भासू शकतो, असं त्यात दाखवलं होतं. किरणांकडून वायूला मिळते ती जेमतेम ऊब; तो इतका तापवायचा तर आघातच हवेत, म्हणून संशयाची सुई झोतांकडे वळली. मला हा युक्तिवाद पटतो.

आदितारा वयाने वाढला की पाणी आणि कार्बन मोनॉक्साइडचा वाटा घटतो, ऑक्सिजनचा वाढतो. हे बारकाईने तपासायला नवी निरीक्षणं हवीत. पण हर्शेलमधला द्रव हेलियम एप्रिल 2013 मध्ये संपला, बोइंग 747 मधून उडणारी सोफिया वेधशाळा 2022 मध्ये थांबली, आणि जेम्स वेब या अंतराळ दुर्बिणीची नजर 28 मायक्रॉनपाशी अडते. तूर्त हर्शेलच्या जुन्या नोंदीच पुन्हा चाळल्या जात आहेत.