तोपकापीची बाग म्हणजे चारबाग नव्हे

इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्याचे फोटो पाहिले की ‘अगदी मुघल बागेसारखं!’ असं बऱ्याच जणांच्या तोंडून निघतं. कारंजी, संगमरवर, उंच सायप्रस असं सगळं ओळखीचं दिसतं. पण आखणी पाहिली तर या दोन बागांचं फारसं जमत नाही.

चारबाग म्हणजे पाटांनी आणि वाटांनी चार भागांत विभागलेली मुघल बाग. ती समजून घ्यायला छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा पुरेसा आहे. भोवती उंच भिंत, मधोमध सरळ पाट, काटकोनात आखलेल्या वाटा आणि नजर थेट घुमटावर. बाबराला हिंदुस्थानातला उकाडा, धूळ आणि वाहत्या पाण्याचा अभाव सहन होत नव्हता. आग्र्याला त्याने रहाटाने पाणी चढवून बागा केल्या. असं कष्टाने आणलेलं पाणी मग मिरवायचंच, म्हणून ते बागेच्या मध्यावर.

तोपकापीत पाण्याची ही चणचण मनात बाळगायचं कारणच नव्हतं. ऑटोमन सुलतान दुसऱ्या मेहमेदने 1459च्या सुमारास हा राजवाडा बांधायला घेतला तो एका टेकाडावर: एका अंगाला गोल्डन हॉर्न ही खाडी, समोर बॉस्फरसची सामुद्रधुनी, पलीकडे मार्मारा समुद्र. तेव्हा बाग बाहेर बघते. चौथ्या अंगणातला बगदाद कोश्क (1639) म्हणजे सुलतान चौथ्या मुरादने बगदाद जिंकल्यावर बांधलेला छोटासा मंडप. शेजारच्या सोनेरी छत्रीखाली बसलं की खाली गोल्डन हॉर्न. इथे इमारत बागेचा मुकुट नसून बागेत टेकायची जागा आहे. झाडंही उताराला धरून, बरीचशी मोकळी. चौरस आखणी ऑटोमनांना माहीत होती, पण त्यांनी तिचा हट्ट धरला नाही.

मला सगळ्यात भावतो तो माळ्यांचा भाग. या माळ्यांना बोस्तांजी म्हणत. शाही बागांत फळं-भाजीपाला पिके, उरलेला माल शहरात विकला जाई. हेच माळी राजवाड्याचे पहारेकरी. सुलतान नावेतून निघाला की सुकाणू त्यांच्या प्रमुखाच्या हाती, आणि मृत्युदंडाची अंमलबजावणीही त्याच्याकडेच! मुघल माळ्याला एवढा अधिकार कुठला.

फुलांचं वेड दोघांनाही होतं, पण सुलतान तिसऱ्या अहमदच्या इस्तंबूलने कळस केला. खंजिरासारख्या टोकदार पाकळ्यांचा ट्युलिप इतका महागला की सरकारला कंदांचे भाव ठरवून द्यावे लागले. 1722 मध्ये इस्तंबूलच्या काघितहाने इथे सादाबाद हा बागेसह राजवाडा उभा राहिला. त्यात मात्र लांबलचक सरळ कालवा होता, आणि नेमकी हीच बाग पाहून मुघल थाट आठवला असता तर चूक म्हणता आली नसती. पण 1730च्या पात्रोना हलीलच्या बंडात तिथल्या मंडपांची नासधूस झाली.